फरशी पुसण्याआधी

व्यायामशाळेची चावी माझ्याकडे असते,
बॉयलरची असते, आणि त्या कपाटाची
ज्यात जुने झेंडे आहेत. ते कुणी मागत नाही.
चियातुरात शाळेच्या शिपायाचं राज्य एवढंच.

मार्चात ती आली, कुताइसीच्या बसनं.
लामारा नाव. एक सुटकेस, एक सरकारी कागद:
नाट्यकार्यशाळा, तीन आठवडे, सातवी ते नववी.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, पडदा नाही, दिवे नाहीत.
ती म्हणाली, खडू आहे?

खडू होता.

पहिल्या दिवशी तिनं पोरांना नुसतं चालायला लावलं,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत.
मी दारात, मॉपवर हनुवटी टेकून.
मनात म्हटलं, चालणं शिकवायला
कुताइसीहून माणूस मागवावं लागतं?
आमच्या बकऱ्या फुकट चालतात.
मग ती म्हणाली, आता असं चाला
की खिशात कच्चं अंडं आहे.
आणि नववीचा गोचा, जो प्रत्येक दार लाथेनं उघडतो,
ज्याच्यापायी वर्षाला चार बिजागऱ्या मी बदलतो,
दारापाशी आला
आणि बोटाच्या टोकानं त्यानं ते ढकललं.

दुसऱ्या आठवड्यात: घरून एकेक आवाज आणा.
कुणी कोंबड्या आणल्या, कुणी कढईचं झाकण.
टोर्निकेनं आणली काकाची मोटार, सुरू न होणारी.
पोरं हसून लोळली.
मग नुत्सा उठली, खिडकीकडची.
तिनं खोकून दाखवलं.
एकदा. थांबून, आतलं काही खरवडत, पुन्हा.
हसणं जागच्या जागी बसलं.
तो खोकला आम्ही ओळखतो.
मँगनीजच्या खाणीत पहिल्या पाळीला जो उतरतो
त्याच्या घरी पहाटे घड्याळ लागत नाही.

लामारानं कुणाला टाळी वाजवू दिली नाही.
विचारलं, आणि त्यानंतर काय ऐकू येतं?
नळ, नुत्सा म्हणाली. आई नळ सोडते, पूर्ण.
आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग माझ्याकडे वळून, तुमचा आवाज, काका?
मी म्हटलं, मला कामं आहेत.
बॉयलर बघायला गेलो. बॉयलरला काही झालं नव्हतं.

बावीस वर्षं मी रोपवेचा पाळणा चालवला,
गंजक्या दोरावर, दरीवरून, वरच्या वस्तीपर्यंत.
दुसऱ्या दिवशी, कुणी न विचारता,
मॉपचा दांडा बादलीवर आपटला:
दोनदा, जरा थांबून एकदा.
पाळणा सुटण्याची घंटा.
आणि वरच्या वस्तीची पोरं, मोठी झालेली, मिसरूड फुटलेली,
न सांगता रांगेत उभी राहिली.

नाटकात गोष्ट अशी नव्हतीच.
फरशीवर खडूनं दोन रेघा ओढल्या: ती नदी.
आमची क्विरिला काळी वाहते,
इथं तिला पांढरं केलं, इलाज नव्हता.
एका जागी रेघांवर आडवा पूल.
घंटा माझी.
चाळीस खुर्च्या, उरलेली माणसं भिंतीला.
नुत्साचा बाप सगळ्यांत मागे, कामाच्याच बुटांत.

ती खोकायला उभी राहिली आणि तेवढ्यात
मागून तो खोकला. खरा.
कुणी मान वळवली नाही.
नुत्सा थांबली.
त्याचं संपेपर्यंत थांबली,
मग आपला सुरू केला, हळू,
त्याच्याहून लहान,
जणू पाळी बदलत होती.
नळ कुणी सोडला नाही.

शनिवारच्या बसनं लामारा गेली.
सुटकेस मीच उचलून दिली; हलकी होती, येतानाइतकीच.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, सोमवारी तपासणी आहे,
फरशीवर ते काय काढलंय ते धुऊन टाका.
धुतलं. दोन बादल्या लागल्या.
पाणी दुधासारखं झालं, मोरीत ओतलं.

मंगळवारी खेळाचा तास.
चेंडू सुटला, गोचा मागे धावला,
आणि हॉलच्या मधोमध,
कोरड्या, स्वच्छ फरशीवर,
त्यानं उडी मारली.
त्याच्यामागून टोर्निकेनं. मग सातवीतल्या एका पोरीनं,
जी कार्यशाळेत नव्हतीच.

मला पलीकडे जायचं होतं, हातात भरलेली बादली.
गुडघे आता उडीचे राहिले नाहीत.
मी पुलावरून गेलो.